स्वस्तातली लेन्स आणि सह्याद्रीतली भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाला कासची फुलं टिपायची असतात, कुणाला कोकणकडा, तर कुणी पोरांच्या सुट्टीत गोव्याला निघालेलं असतं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार गड चढणारा माणूस आहे, पण लेन्सवर पैसे वाया घालवण्याचा अनुभव दांडगा आहे. इथलं बहुतेक सगळं क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या बॉड्या, म्हणजे कॅमेरे, धरून लिहिलंय, कारण हातात बहुतेकांच्या त्याच असतात.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. पहिली नवी लेन्स कोणती घेऊ?

आज कोणतीच नको. आधी गेल्या दोन वर्षांतले, तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभर फोटो एका फोल्डरमध्ये काढा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिमीवर (फोकल लेंग्थवर) काढलाय ते नोंदलेलं असतं. बरेचसे १८ वर अडकलेले दिसले तर तुम्हाला वाइड, म्हणजे रुंद दृश्य दाखवणारी, हवी आहे. ५५ वर अडकले असतील तर टेली, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी. आणि मधल्या मधे पसरले असतील तर अडचण लेन्सची नाही, गजर पहाटे चारचा लावा.

मी हे फार उशिरा केलं. दोन वर्षं वाइडसाठी जीव टाकत होतो, पैसे साठवत होतो. मोजायला बसलो तेव्हा शंभरातले एकसष्ट फोटो ५५ मिमीवर निघाले. म्हणजे डोंगर जवळ ओढायचा माझा प्रयत्न चालला होता, आणि विकत घ्यायला निघालो होतो त्याला आणखी लांब ढकलणारी लेन्स.

पण १८-५५ ला तर सगळे नावं ठेवतात?

ठेवू देत. एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितकं छिद्र बारीक), ट्रायपॉडवर, नीट फोकस करून काढलेला फोटो किट लेन्सचा आहे हे घरातल्या भिंतीवर लावल्यावर कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. तिच्या खऱ्या उणिवा वेगळ्या आहेत: अंधारात प्रकाश कमी घेते, आणि काही जुन्या आवृत्त्यांमध्ये फोकस करताना पुढची काच गोल फिरते. पोलरायझर (चकाकी काढणारा, फिरवून लावायचा फिल्टर) लावला असेल तर ती फिरणारी काच डोक्याला ताप देते. नंतर आलेल्या कॅननच्या एसटीएम आणि निकॉनच्या एएफ-पी आवृत्त्यांत (ही त्यांच्या फोकस मोटरची नावं) ती फिरत नाही. तुमची फिरत असेल तर सेकंडहँड बाजारात नव्या आवृत्तीची किट लेन्स अगदी कमी पैशांत मिळते, कारण वर चढू पाहणारा प्रत्येक जण आधी तीच विकून टाकतो.

लँडस्केप म्हणजे वाइडच लागणार ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त पैसे खातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाइड लेन्समध्ये खूप काही मावतं हे खरं, पण मावतं ते लहान होऊनच. पहाटे तोरण्याच्या बुधला माचीवर उभे राहा आणि १० मिमीने राजगडाकडे बघा. डोळ्यांना जो बालेकिल्ला छाती दडपून टाकतो, तो फोटोत क्षितिजावरचा मुरुमाचा खडा होऊन जातो. फ्रेमचा तीनचतुर्थांश भाग रिकामं आकाश, पायाशी वाळलेलं गवत. त्याच जागेवरून २०० मिमीने बघा. एकामागे एक सोंडा, मधल्या दऱ्यांत साचलेलं धुकं, प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा गडद, आणि त्यावर बालेकिल्ला. सह्याद्रीचं रूप या थरांत आहे, आणि थर दिसतात टेलीत.

मग वाइड कुठे? जिथे तुमच्या पायाशी काहीतरी बघण्यासारखं आहे तिथे. कातळातला पाण्याने भरलेला खळगा, तटबंदीची वळत गेलेली रेघ, शेवाळलेली पायरी. ती वस्तू वीतभर अंतरावर घ्यायची आणि तिच्या मागे डोंगर उभा करायचा. नाहीतर जिथे मागे सरकायला जागाच नाही तिथे: सांदण दरीच्या भिंतींमध्ये, वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची अर्धगोल वाटीसुद्धा वाइडशिवाय एका फ्रेममध्ये बसत नाही.

कासचं उदाहरण तर उलटं पडतं. लोक वाइड घेऊन जातात आणि फुलांचा गालिचा घरी आल्यावर विरळ ठिपक्यांसारखा दिसतो. आखलेल्या वाटेवरूनच, दीड-दोनशे मिमीने तिरक्या कोनात पठाराकडे बघा. मागची-पुढची फुलं एकमेकांना चिकटतात आणि गालिचा दाट होतो. शिवाय फुलांत आडवं पडावं लागत नाही. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ साली कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे फोटोसाठी तेरडा तुडवणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

क्रॉप फॅक्टरचं गणित एकदा सोपं करून सांगाल?

लेन्सवरचा आकडा कॅननच्या क्रॉप बॉडीवर १.६ ने गुणा, निकॉन-सोनी-फुजीच्या क्रॉप बॉडीवर १.५ ने, आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. आलेलं उत्तर म्हणजे फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) तितक्या मिमीची लेन्स जेवढं दाखवेल तेवढं दृश्य. म्हणून क्रॉप बॉडीवर १८ मिमी ही फार वाइड नाही, साधारण २७ ते २९ झाली. खरी वाइड १० ते १२ पासून सुरू होते.

टेली स्वस्तात कोणती?

कॅनन डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर डोळे झाकून ५५-२५० आयएस एसटीएम. आयएस म्हणजे हाताची थरथर सांभाळणारा स्टॅबिलायझर, निकॉनवर त्यालाच व्हीआर म्हणतात. २०१३ ची लेन्स आहे, ३७५ ग्रॅम वजन, आणि किमतीच्या मानाने इतकी शार्प की दुसरं काही बघायला मन होत नाही. निकॉनच्या नव्या डीएक्स (क्रॉप) बॉड्यांवर एएफ-पी ७०-३०० व्हीआर, ४१५ ग्रॅम. तिची व्हीआर नसलेली जुळी बहीणही विकायला असते. चार पैसे वाचतात म्हणून ती घेऊ नका, ३०० मिमीवर हाताची थरथर लपत नाही. सोनीवर ५५-२१०, निकॉनच्या झेड डीएक्सवर, म्हणजे मिररलेस (आरसा नसलेल्या) क्रॉप बॉड्यांवर, ५०-२५०.

जुन्या काळी दोन लेन्सच्या सेटमध्ये कॅननची ७५-३०० मिळायची, ती आजही घराघरांत पडून आहे. तिला स्टॅबिलायझर नाही आणि शेवटच्या टोकाला ती मऊ पडते, म्हणजे फोटो धूसर येतो. घरात असेल तर २०० च्या पुढे जाऊ नका, नसेल तर घेऊ नका.

एक गोष्ट मात्र कुठलीच लेन्स करू शकत नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पठारावरून हवा थरथरते, आणि लांबचा गड पाण्यात बुडल्यासारखा दिसतो. ती लेन्सची चूक नाही. दुपारी झोपा काढा.

आणि वाइड?

कॅनन ईएफ-एस १०-१८, २०१४ साली आली तेव्हा स्वस्त वाइडचं गणितच बदललं. २४० ग्रॅम, प्लास्टिकचं माउंट (बॉडीला अडकणारा भाग), स्टॅबिलायझर. प्लास्टिकच्या माउंटला लोक नाकं मुरडतात, पण माझी दोनदा कातळावर आपटूनही शाबूत आहे. निकॉनची १०-२० एएफ-पी २०१७ ची, २३० ग्रॅम. पण थांबा: एएफ-पी लेन्सेस डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाहीत. घेण्याआधी आपली बॉडी तपासा.

मिररलेसवाल्यांसाठी थोडक्यात. कॅननची आरएफ-एस १०-१८ फक्त १५० ग्रॅमची आहे. निकॉन झेड डीएक्सवर १२-२८. सोनी आणि फुजीवर कमी पैशांत सॅमयांगची १२ मिमी एफ/२, जी हाताने फोकस करावी लागते. पण इतक्या वाइड लेन्सवर ते अवघड नाही, कारण पुढे सांगतो. कॅननची आरएफ १६ मिमी स्वस्त दिसते म्हणून क्रॉप बॉडीसाठी घेणारे भेटतात. १६ गुणिले १.६, म्हणजे जवळजवळ तुमच्या किट लेन्सचंच पहिलं टोक. ती फुल फ्रेमवाल्यांची लेन्स आहे.

आणि पैसेच नसतील तर फोटो जोडा. लोणारच्या काठावर उभं राहिलं की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर समोर पसरतं. मी तिथे गेलो तेव्हा वाइड नव्हती. कॅमेरा उभा धरला, एक्स्पोजर (प्रकाश) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) मॅन्युअलवर ठेवलं, आणि डावीकडून उजवीकडे सात फोटो घेतले, प्रत्येक फोटो आधीच्यावर एकतृतीयांश चढलेला. घरी फुकटच्या सॉफ्टवेअरने जोडले. तो प्रिंट अजून बाहेरच्या खोलीत आहे, आणि नंतर १० मिमीने काढलेला त्याच्या आसपासही फिरकत नाही.

महागडी एफ/२.८ लेन्स नसेल तर चालेल का?

दिवसाच्या लँडस्केपला धावेल. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतात, तेव्हा तुम्ही तसंही एफ/८ किंवा एफ/११ वरच असता. एफ/८ ला १८ मिमीवर साधारण दोन मीटरवर फोकस केलात तर एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. १० मिमीवर तर पाऊण मीटरला फोकस पुरतो. म्हणूनच मॅन्युअल वाइडची भीती बाळगू नका: एकदा फोकस लावला की दिवसभर हात लावावा लागत नाही. हौसेने एफ/२२ वर मात्र जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ होतो.

अपवाद एकच, तारे. पावसाळ्याआधी एप्रिल-मेच्या रात्री आकाशगंगा टिपायची तर एफ/२ ची लेन्स एफ/३.५ च्या तिप्पट प्रकाश घेते, आणि तो तिप्पट प्रकाश फोटोत सरळ दिसतो.

५० मिमी १.८ सगळे घ्या म्हणतात. प्रवासाला उपयोग आहे का?

लेन्स गोड आहे, पण क्रॉप बॉडीवर ती ७५-८० मिमीसारखी वागते. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात मी ती लावून मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकवली, तरी समोरची तुळस आणि मागचा जिना एकत्र येईनात. प्रवासासाठी कॅननवाल्यांना २४ मिमी एफ/२.८ सुचवेन: १२५ ग्रॅम, भाकरीसारखी चपटी, कॅमेरा जवळजवळ खिशात जातो. निकॉनवर ३५ मिमी १.८.

एक फरक मात्र लक्षात घ्या. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि आत उजेड अगदी कमी. पण भिंतीवरच्या चित्रातला पद्मपाणी जागचा हलत नाही, म्हणून स्टॅबिलायझर असलेली किट लेन्सही पाव सेकंदाला काम भागवते. पालखीत संध्याकाळी दिंडी चालत असते, टाळ हलत असतात, तिथे स्टॅबिलायझर शून्य कामाचा. तुमचा हात स्थिर राहील, वारकरी कसा राहील? तिथे १.८ च हवी.

१८-२०० किंवा १८-४०० अशी एकच लेन्स घेतली तर?

मुलाबाळांसह काश्मीर किंवा राजस्थानला निघाला असाल तर जरूर. वाळू उडत असताना लेन्स बदलायची नसते, आणि बायको-पोरं तुमच्यासाठी दर वळणावर थांबत नाहीत. गडासाठी मात्र मला पटत नाही. कॅननची १८-२०० जवळपास ६०० ग्रॅम, टॅमरॉनची १८-४०० सातशेच्या वर. १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम या दोन्ही मिळून ५८० ग्रॅम होतात, आणि फोटो दोन्ही टोकांना सरस. शिवाय गळ्यात लटकवून चालताना या मोठ्या झूमचं नळकांडं आपोआप खाली घसरून लांब होतं.

फिल्टर कोणता घेऊ?

पोलरायझर. बाकीचे नंतर. पावसाळ्यात त्याचा खरा उपयोग निळ्या आकाशाला नाही, ओल्या पानांना आणि काळ्या कातळाला आहे. वरची चकाकी निघून जाते आणि आतला रंग दिसतो. आकाशावर परिणाम हवा असेल तर सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला हवा. १० मिमीवर मात्र आकाशाचा एक पट्टा काळा आणि बाकीचं फिकट असं विचित्र होतं, तिथे काढून ठेवा. प्रकाशही एक ते दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा).

पैसे वाचवायचे तर सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला पोलरायझर घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) लावा. माझा ६७ मिमीचा आहे, १०-१८ चा. ५५-२५० ला ५८ ते ६७ ची रिंग. रिंग वडापावच्या नाही, पण मिसळ-ताकाच्या भावात येते.

पावसात काय करता?

छत्री. गंमत नाही करत. स्वस्त लेन्सेसना पाण्यापासून संरक्षण नसतं आणि प्लास्टिकची महागडी कव्हरं लावून बटणं सापडत नाहीत. मोठी काळी छत्री, सोबतीला धरायला मित्र, लेन्सला हुड, आणि खिशात आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा. वाऱ्याने पाऊस आडवा यायला लागला की कॅमेरा सॅकमध्ये आणि चहा हातात.

एसी गाडीतून घाटात उतरलात की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, पुसलं की परत धरते. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करून कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

फंगसपासून (बुरशीपासून) लेन्स कशी वाचवायची?

इथे मी ठेच खाल्लेला आहे. ऑगस्टमध्ये भिजून आलो, दमलो होतो, ५० मिमी तिच्या चामडी पाउचसकट कपाटात टाकली आणि विसरलो. दिवाळीत भाचीचे फोटो काढायला काढली. खिडकीकडे धरली तर आत कडेपासून मध्याकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे. साफ करायचा खर्च विचारला, तो सेकंडहँड लेन्सच्या भावापेक्षा फार कमी नव्हता.

तेव्हापासून पद्धत ठरलेली. ट्रेकहून आल्यावर लेन्स रात्रभर पंख्याखाली उघडी. मग हवाबंद प्लास्टिकचा डबा, वाणसामानाला घेतो तसाच पण नवा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर दिवसेंदिवस राहिला की फंगसला आमंत्रण. फार खालीही नको. चामडी पाउच, फोमची बॅग, लाकडी कपाट, सगळे ओलावा धरणारे. लेन्सेस चार-पाच झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, कोकणात राहत असाल तर आधीच घ्या.

तांदळाच्या डब्यात ठेवली तर?

तांदळाची भुकटी झूमच्या फटीत जाते आणि ओलावा फारसा निघत नाही. भात करा. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले असं समजा. तापवून परत निळे होतात, पण त्यांच्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून पोळीच्या तव्यावर नाही, वेगळ्या जुन्या भांड्यात तापवा.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या घरी, कुठेही जा, पण दिवसा जा आणि स्वतःची बॉडी आणि कार्ड घेऊन जा. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. धागे किंवा धुरकटपणा दिसला तर उठून चला. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. कानाशी हलकेच हलवा, आत काही खडखडतंय का ऐका. झूम आणि फोकस टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मधे कुठे अडखळते का बघा. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून चारही कोपऱ्यांसह फोटो घ्या, दोन्ही टोकांना. एक कोपरा उरलेल्या तिघांपेक्षा स्पष्टपणे मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, मालक काहीही म्हणो.

बिलावरचा आणि लेन्सवरचा नंबर जुळवा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉड्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सेस त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

बाबांच्या कपाटात फिल्मच्या काळातल्या लेन्सेस आहेत. चालतील?

मिररलेसवर स्वस्त अॅडॅप्टर लावून मजेत चालतील, फोकस आणि अॅपर्चर हाताने. कॅमेऱ्यात फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय असते, ती चालू करा. निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या लेन्सेस काही डीएसएलआर बॉड्यांवर बळजबरीने बसवल्या तर बॉडीचं नुकसान होतं, तेवढं विचारून घ्या. आणि आधी टॉर्च लावून बघा. बाबांच्या काळातही पावसाळा होताच.

पुढे फुल फ्रेम घेणार आहे. आत्तापासून त्याच लेन्सेस घेऊ?

कधी घेणार? तारीख ठरली असेल तर हो. नसेल तर आज जी बॉडी आहे तिची लेन्स घ्या, चार वर्षं वापरा, विका.

गडावर लेन्स बदलताना धूळ जाते. उपाय?

कमी बदला. सकाळी टेली, उन्हं वर आली आणि तटबंदीत शिरलो की वाइड, एवढाच माझा क्रम. बदलायचीच तर कॅमेरा बंद करायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, सॅक मांडीवर घेऊन तिच्या तोंडातच बॉडी खाली तोंड करून धरायची आणि नवी लेन्स आधीच मागची टोपी सैल करून तयार ठेवायची. कोकणकड्यावर कधीच बदलत नाही. तिथे खालून वर येणारा वारा टोपी उडवून नेतो, आणि माझ्या अशा दोन टोप्या आजही खाली कोकणात कुठेतरी आहेत.